अनागारिक धम्मपाल आणि ४२ वर्षे पाळलेला शब्द

१७ सप्टेंबरला आम्ही पेरियार रामसामींची जयंती साजरी करतो. ती करायलाच हवी. पण त्याच तारखेला, पेरियारांच्या १५ वर्षे आधी, १८६४ साली कोलंबो शहरात आणखी एक माणूस जन्माला आला होता. त्याचा फोटो काही विहारांत भिंतीवर लावलेला दिसतो. खालचे नाव वाचणारे मात्र थोडेच. त्या माणसाचे नाव अनागारिक धम्मपाल. बोधगयेचे महाबोधी महाविहार बौद्धांच्या ताब्यात असले पाहिजे, ही मागणी आधुनिक काळात घेऊन उभा राहिलेला आणि मरेपर्यंत तिच्यावरून न हललेला हा माणूस. महाविहार मुक्तीच्या घोषणा आम्ही देतो, मोर्चे काढतो, पण त्या घोषणेच्या मागे कुणाचे आयुष्य उभे आहे याची चौकशी आम्ही सहसा करत नाही.

ही जयंती बहुतेक वर्षी गणपतीच्या आगेमागे येते, हाही एक योगायोगच. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी लाखोंच्या साक्षीने २२ प्रतिज्ञा दिल्या. त्या आज आमच्या घराघरांत फ्रेम करून टांगलेल्या आहेत. काही घरांत त्याच फ्रेमखाली भाद्रपदात मखर बसते. मुलांचा हट्ट असतो, शेजाऱ्यांचा आग्रह असतो, सोसायटीची वर्गणी असते, सून दुसऱ्या जातीतून आलेली असते. कारणे काय, हजार सापडतात. आम्ही हे कुणाकडे बोट दाखवून लिहीत नाही. आमच्याही घरी नवी मोटारसायकल आली तेव्हा कुणीतरी हँडलला लिंबू-मिरची बांधली, आणि ती सोडायला आम्हाला आठ दिवस लागले. बांधणाऱ्याला राग येईल म्हणून. प्रतिज्ञा आठवत नव्हत्या असे नाही. आठवत होत्या, आणि तरीही आठ दिवस गेले.

प्रतिज्ञा घेण्याचा दिवस मोठा असतो. सभोवती लाखो माणसे असतात, पांढरी वस्त्रे असतात, डोळ्यांत पाणी असते. कठीण असतो तो त्यानंतरचा सोमवार, आणि त्यानंतरची २० वर्षे, ३० वर्षे. अनागारिक धम्मपालांचे चरित्र आम्हाला वाचावेसे वाटते ते या सोमवारांसाठी.

त्यांचे जन्मनाव डॉन डेव्हिड हेवाविताराणे. नावातच गुलामगिरी होती. सिलोनवर आधी पोर्तुगीज, मग डच, मग इंग्रज असे तीन मालक होऊन गेले होते आणि सिंहली बौद्ध घरांतल्या मुलांना ख्रिस्ती नावे ठेवण्याची रीत पडली होती. वडील डॉन कॅरोलिस फर्निचरचे मोठे व्यापारी. घर सधन, श्रद्धावान. आई मल्लिका. घरात बुद्धवंदना आणि शाळेत बायबल, असा त्या मुलाचा दिवस असे. मिशनरी शाळांत शिकताना बायबल त्याने इतके पाठ केले की पुढे मिशनऱ्यांशी वाद घालताना त्यांचीच शस्त्रे त्यांच्यावर चालवता आली.

शाळेतला एक प्रसंग सगळ्या चरित्रकारांनी सांगितला आहे. वैशाख पौर्णिमेला मुलाने सुट्टी मागितली. शाळा ख्रिस्ती, तिथे बुद्ध जयंतीची सुट्टी कशी मिळणार? मुख्याध्यापकांनी नकार दिला. मुलाने छत्री आणि पुस्तके उचलली आणि चालू लागला. दुसऱ्या दिवशी छड्या बसल्या. पुढच्या वर्षी पुन्हा वैशाख आला, पुन्हा तो गेला, पुन्हा छड्या बसल्या. तिसऱ्या वर्षीही तेच. आम्हाला या गोष्टीत धाडसापेक्षा तिसरे वर्ष जास्त महत्त्वाचे वाटते. पहिल्यांदा छडी खाणे हे पोरवयातल्या बंडातही बसते. तिसऱ्यांदा, छडी किती लागते हे ठाऊक असताना, पुन्हा छत्री उचलणे ही वेगळी गोष्ट आहे. पुढे १८८५ साली सिलोनमध्ये वैशाख पौर्णिमेची सरकारी सुट्टी सुरू झाली. आज आम्ही विहारावर जो पंचरंगी धम्मध्वज फडकवतो, तोही त्याच वर्षी त्याच देशात पहिल्यांदा फडकला.

१८८० मध्ये कर्नल ऑलकॉट आणि मादाम ब्लाव्हाट्स्की सिलोनला आले आणि त्यांनी जाहीरपणे पंचशील घेतले. गोऱ्या माणसांनी बुद्धाला वंदन केले हे पाहून तिथल्या बौद्धांची मान ताठ झाली. गोऱ्याने मान दिल्यावरच आपल्या धर्माची किंमत आपल्याला कळावी, यात जी लाचारी आहे तिच्याबद्दल आमच्या मनात काय येते ते वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. पण त्या काळच्या सिलोनला त्या आधाराची गरज होती हेही खरे. तरुण डेव्हिड त्यांच्याकडे ओढला गेला. १८८४ मध्ये तो मद्रासजवळच्या अड्यारला गेला. गूढविद्या शिकायची त्याची इच्छा होती. ब्लाव्हाट्स्कीबाईंनी त्याला पाली शिकायला सांगितले. बाईंच्या बाकीच्या शिकवणीबद्दल आमचे मत चांगले नाही, पण हा एक सल्ला लाखमोलाचा ठरला.

घरी परतल्यावर त्याने शिक्षण खात्यात कारकुनी केली आणि ती सोडली. लग्न न करता धम्माचे काम करण्याची परवानगी त्याने वडिलांकडे मागितली. थोरला मुलगा घर सोडतो म्हटल्यावर धाकट्यांना कोण पाहणार, असा वडिलांचा साधा प्रश्न होता. तो आमच्याही प्रत्येक कार्यकर्त्याच्या घरात विचारला गेलेला प्रश्न आहे. मुलाने आपले म्हणणे सोडले नाही. वडिलांनी शेवटी परवानगी दिली, आणि पुढे मरेपर्यंत त्याच्या कामाला पैसा पुरवला. ऑलकॉट यांच्याबरोबर बैलगाडीतून सिलोनची खेडी पालथी घालताना त्याने डॉन डेव्हिड हे नाव टाकले आणि धम्मपाल हे नाव घेतले. पुढे अनागारिक हे विशेषण लावले. अनागारिक म्हणजे ज्याला घर नाही तो.

हे विशेषण नीट समजून घेतले पाहिजे. ते भिक्षू झाले नाहीत, आणि गृहस्थही राहिले नाहीत. भिक्षू झाले असते तर विनयाच्या नियमांमुळे पैसा हाताळता आला नसता, कोर्टात उभे राहता आले नसते, कधी बोटीने तर कधी रेल्वेने देशोदेशी वणवण करता आली नसती. गृहस्थ राहिले असते तर पोटापाण्यात आयुष्य गेले असते. म्हणून त्यांनी मधली वाट काढली. ब्रह्मचर्य आणि अष्टशील पाळायचे, पण पावतीपुस्तकही स्वतःच सांभाळायचे. ही सोयीची वाट नव्हती. भिक्षूला संघाचा आधार असतो, चीवराला लोक वाकतात. याला दोन्ही नव्हते.

आता त्यांच्या आयुष्यातल्या मुख्य दिवसाकडे वळू. २२ जानेवारी १८९१. वय २६. एडविन आर्नोल्ड या इंग्रज कवीने बोधगयेच्या दुरवस्थेबद्दल लिहिलेले लेख त्यांनी वाचले होते. आर्नोल्डचे बुद्धचरित्र तेव्हा जगभर गाजत होते, म्हणून त्या लेखांना वजन होते. कोझेन नावाच्या जपानी भिक्षूला बरोबर घेऊन ते आधी सारनाथला गेले. तिथे ओसाड अवशेष होते. तिथून बोधगयेला आले. ब्रिटिश सरकारने महाविहाराची डागडुजी नुकतीच केली होती, पण जागा होती एका शैव महंताच्या ताब्यात. ज्या जागी सिद्धार्थाला संबोधी प्राप्त झाली, तिथे बौद्ध नावालाही नव्हता. धम्मपालांनी वज्रासनाच्या दगडाला कपाळ टेकवले, आणि जगातल्या बौद्ध देशांतून भिक्षू येऊन ही जागा सांभाळेपर्यंत इथून हलायचे नाही, असा निश्चय तिथल्या तिथे केला.

ते आले होते यात्रेकरू म्हणून. मुक्कामाची तयारी नव्हती, खिशात फारसे पैसे नव्हते. ब्रह्मी राजाने बांधलेल्या धर्मशाळेत ते राहिले आणि सिलोनला, ब्रह्मदेशाला, मिळेल त्या पत्त्यावर पत्रे लिहू लागले. उत्तरे लवकर येत नव्हती. जगातल्या कोट्यवधी बौद्धांना या जागेची चाड आहे का, हे त्यांना त्या आठवड्यांत कळले. प्रतिज्ञेनंतरचा पहिला सोमवार असा होता.

पत्रांनी काम होणार नाही हे दिसल्यावर ते परत गेले आणि ३१ मे १८९१ रोजी कोलंबोत महाबोधी सोसायटीची स्थापना केली. हिक्कडुवे सुमंगल महास्थविर अध्यक्ष झाले. हेच ते सुमंगल, ज्यांच्या विद्योदय परिवेणात पुढे आमच्या गोव्याचे धर्मानंद कोसंबी पाली शिकले. जुलैत धम्मपाल चार सिंहली भिक्षूंना घेऊन पुन्हा बोधगयेत हजर झाले. ऑक्टोबरात तिथे आंतरराष्ट्रीय बौद्ध परिषद भरवली. १८९२ पासून मासिक सुरू केले आणि सोसायटीचे कार्यालय कलकत्त्याला आणले. मासिकाचा मजकूर, पत्ते, तिकिटे, हिशेब असे बरेचसे काम ते स्वतःच करत. मोठ्या प्रतिज्ञा अशा बारीक कामांवर उभ्या असतात. आमच्या चळवळीत भाषणे करणारे पुष्कळ झाले. वर्गणीची वही ४० वर्षे नीट ठेवणारे किती झाले?

१८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत ते दक्षिणेकडील बौद्धांच्या वतीने बोलले. विवेकानंदांचे नाव त्या परिषदेमुळे आपल्या पाठ्यपुस्तकांत आले. त्याच व्यासपीठावर धम्मपाल होते, हे पाठ्यपुस्तके सांगत नाहीत. यात आम्हाला आश्चर्य वाटत नाही. परतीच्या प्रवासात होनोलुलूच्या बंदरात मेरी फोस्टर ही हवाई बेटांच्या राजघराण्यातली बाई त्यांना भेटायला बोटीवर आली. तिला स्वतःचा राग आवरत नव्हता आणि त्यावर उपाय हवा होता. थोड्या वेळाची भेट, पण त्यानंतर ३५ वर्षांहून अधिक काळ ती बाई धम्माच्या कामाला पैसा पाठवत राहिली. शाळा, दवाखाने, विहार, मासिके यांतले कितीतरी तिच्या दानातून उभे राहिले. गंमत अशी की रागावर उपाय सांगणारे धम्मपाल स्वतः फार तापट होते. त्यांनी आयुष्यभर डायऱ्या लिहिल्या, आणि त्यांत त्यांचा राग, एकटेपणा, पैशाची चिंता, मनातले विकार, पायांचे दुखणे सगळे आहे. हा माणूस पुतळा नव्हता.

१८९५ हे वर्ष कसोटीचे होते. जुन्या महंताशी बोलणे बरे चालले होते. तो वारला आणि नवा महंत कृष्णदयाल गिर हटवादी निघाला. १८९३ मध्ये महंताच्या माणसांनी भिक्षूंना मारहाण केली होती. जपानी बौद्धांनी सुमारे ७०० वर्षांपूर्वीची एक बुद्धमूर्ती बोधगयेसाठी दिली होती. २५ फेब्रुवारी १८९५ रोजी धम्मपालांनी ती महाविहाराच्या वरच्या मजल्यावर बसवली आणि समोर ध्यानाला बसले. थोड्याच वेळात महंताची माणसे चालून आली. मूर्ती उचलून बाहेर अंगणात नेली. ज्या जागी बुद्धाला ज्ञान झाले तिथे बुद्धाची मूर्ती बसवणे हा अपराध ठरला!

खटला चालला. गयेच्या मॅजिस्ट्रेटने महंताच्या तीन माणसांना शिक्षा दिली. महंताने बडे वकील लावले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्ता हायकोर्टाने ती शिक्षा रद्द केली. महाविहारात तर महंताच्या माणसांनी बुद्धमूर्तीला वस्त्रे नेसवून, कपाळी टिळा लावून हिंदू पूजा चालू केली होती. बुद्ध हा विष्णूचा नववा अवतार, म्हणून त्याची पूजा आमची आणि जागाही आमची, असा तो कावा. बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञांतली पाचवी प्रतिज्ञा नेमकी याच अवतार-कल्पनेला खोटी ठरवते. ती वाचताना पुष्कळांना वाटते की हा जुना पुराणातला वाद आहे, त्यासाठी एक अख्खी प्रतिज्ञा कशाला? ज्याने बोधगयेचा टिळा पाहिला आहे त्याला असा प्रश्न पडणार नाही. अवतार म्हटले की मालकी जाते.

जपानी मूर्ती ब्रह्मी धर्मशाळेत ठेवली गेली. लॉर्ड कर्झनच्या काळात सरकारने तडजोडीचा प्रयत्न करून पाहिला. महंत बधला नाही. उलट १९०६ मध्ये महंताने धर्मशाळेतूनही मूर्ती आणि माणसे काढावीत म्हणून दावा लावला आणि १९१० पर्यंत तोही जिंकला. म्हणजे प्रतिज्ञेला १९ वर्षे झाली आणि धम्मपालांच्या हातात बोधगयेत जे थोडे होते तेही गेले. त्याआधी १९०६ मध्येच वडील वारले होते. ऑलकॉट यांच्याशी फाटले होते, थिऑसॉफी सुटली होती. वय ४६.

इथे आमच्यासारखा माणूस काय करतो? एक तर कटू होतो आणि घरी बसतो. किंवा मग प्रतिज्ञेचा अर्थ बदलून घेतो, म्हणजे जे जमले नाही ते मुळात महत्त्वाचे नव्हतेच, असे स्वतःला पटवतो. हा दुसरा मार्ग जास्त धोकादायक, कारण त्यात शब्द मोडल्याचे कळतही नाही. प्रतिज्ञांचा सांस्कृतिक अर्थ घ्यावा, काळानुसार घ्यावा, असे सांगणारे विद्वान आमच्यात कमी नाहीत. धम्मपालांनी यातले काहीच केले नाही. बोधगयेचे दार बंद झाले म्हणून ते कलकत्त्याला आणि सारनाथला काम वाढवत गेले. पण बोधगयेची मागणी एका वर्षासाठीही खाली ठेवली नाही. अर्ज चालू, मासिकातले लेख चालू, व्हाइसरॉयपासून काँग्रेसवाल्यांपर्यंत भेटीगाठी चालू. १९२२ मध्ये गयेला काँग्रेस भरली तेव्हा हा प्रश्न तिथे पोचला, पुढे राजेंद्रप्रसादांची समिती नेमली गेली आणि तिने हिंदू-बौद्ध संयुक्त व्यवस्था सुचवली. म्हणजे चोराशी निम्मे निम्मे. तेही त्यांच्या हयातीत झाले नाही.

१९१५ चा घाव खोल होता. सिलोनमध्ये सिंहली-मुस्लिम दंगल झाली. इंग्रजांनी लष्करी कायदा पुकारून बौद्ध पुढाऱ्यांना धरले. धम्मपालांचे धाकटे बंधू एडमंड हेवाविताराणे यांना शिक्षा झाली आणि ते जाफन्याच्या तुरुंगात त्याच वर्षी वारले. धम्मपाल कलकत्त्यात होते. सरकारने त्यांना तिथेच अनेक वर्षे अडकवून ठेवले, मायदेशी जाऊ दिले नाही. याच अवधीत कलकत्त्याच्या धर्मराजिक विहाराचे काम त्यांनी पुढे नेले, आणि १९२० मध्ये तो विहार उघडला.

आता जे आम्हाला गिळता येत नाही तेही सांगितले पाहिजे. चरित्र म्हणजे आरती नव्हे. सिलोनच्या मुसलमानांबद्दल आणि इतर समाजांबद्दल धम्मपालांनी जे लिहिले, त्यातले काही इतके कडवट आहे की मैत्री-करुणेच्या शिकवणीशी त्याचा मेळ बसत नाही. सिंहली वंशाभिमानाचे जे विष पुढे त्या बेटावर पसरले, त्यात त्यांच्या लेखणीचाही वाटा होता. भारतात त्यांनी बौद्ध धम्माचे मित्र शोधले ते कलकत्त्याच्या भद्रलोकांच्या दिवाणखान्यांत. सोसायटीच्या अध्यक्षपदी आशुतोष मुखर्जी बसले. धम्मपालांच्या पश्चात श्यामाप्रसाद मुखर्जी बसले, जे हिंदू महासभेचेही पुढारी होते. बौद्धांच्या संस्थेचा अध्यक्ष ब्राह्मण! बाबासाहेबांनी या प्रकारावर नाराजी दाखवली ती उगाच नव्हे. तिकडे मद्रासकडे अयोथी दास पंडितांनी अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या लोकांना बुद्धाकडे न्यायला सुरुवात केली होती. १८९८ मध्ये ऑलकॉट त्यांना सिलोनला घेऊन गेले. ती वाट धम्मपालांच्या डोळ्यांसमोर होती. त्यांनी आपले आयुष्य त्या वाटेला दिले नाही. बुद्धाला त्याची भूमी परत द्यायची होती, पण त्या भूमीवरचा जो माणूस बुद्धासाठी खरोखर उपाशी होता, तो त्यांना दिसला नाही, किंवा पुरेसा दिसला नाही.

एवढे लिहूनही त्यांच्याबद्दलचा आमचा आदर कमी होत नाही. दिलेला शब्द पाळणारा माणूस सगळ्याच बाबतीत बरोबर असेल असे नाही. त्याने एका बाबतीत स्वतःला बांधून घेतले होते, आणि ती गाठ त्याने सुटू दिली नाही.

सारनाथला त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जमीन घेतली. तिथे शाळा काढली. १९२२ मध्ये मूलगंधकुटी विहाराची पायाभरणी झाली. पैसे संपत, काम थांबे, पुन्हा सुरू होई. मधल्या काळात लंडनमध्येही त्यांनी विहार काढला. आपल्या वाट्याची सगळी संपत्ती ट्रस्टच्या नावे केली. हृदयाचा आजार, पायांचा जुना विकार, तरी फिरती चालूच. ११ नोव्हेंबर १९३१ रोजी मूलगंधकुटी विहार उघडला. सरकारने उत्खननात मिळालेल्या अस्थी तिथे ठेवायला दिल्या. अनुराधपूरच्या बोधिवृक्षाची रोपे आणून लावली. १८९१ मध्ये ज्या सारनाथला त्यांनी ओसाडी पाहिली होती, तिथे ४० वर्षांनी देशोदेशीचे बौद्ध जमले.

त्याआधी चारच महिने, १३ जुलै १९३१ रोजी, त्यांनी प्रव्रज्या घेतली होती. नवे नाव श्री देवमित्त धम्मपाल. म्हणजे ज्या चीवराची त्यांना तरुणपणापासून ओढ होती ते त्यांनी कामासाठी ४५ वर्षे लांबवले आणि वयाच्या ६६ व्या वर्षी, पावतीपुस्तक दुसऱ्याच्या हाती दिल्यावर, अंगावर घेतले. जानेवारी १९३३ मध्ये उपसंपदा झाली. २९ एप्रिल १९३३ रोजी सारनाथलाच त्यांचे निधन झाले. धम्माच्या प्रसारासाठी आणखी २५ वेळा जन्म मिळावा, अशी त्यांची शेवटची इच्छा होती असे सांगतात. आम्ही पुनर्जन्म त्या अर्थाने मानत नाही. बाबासाहेबांच्या प्रतिज्ञांत नवा जन्म होतो तो याच आयुष्यात, उभ्या उभ्या, जुना धर्म टाकताना. पण ४२ वर्षांनंतरही ज्याला काम अपुरे वाटते आणि कंटाळा आलेला नाही, त्याची ती इच्छा आम्हाला समजते.

बोधगया त्यांच्या डोळ्यांदेखत मिळाली नाही. १९४९ मध्ये बिहार सरकारने कायदा केला आणि मे १९५३ मध्ये महाविहार समितीच्या ताब्यात आले. चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्ष गयेचा जिल्हाधिकारी, तोही हिंदूच असला पाहिजे, असा तो कायदा. २०१३ मध्ये अध्यक्ष हिंदूच हवा ही अट काढली. समितीतली निम्मी-निम्मी वाटणी तशीच ठेवली. १९९२ पासून भदंत सुरई ससाई यांच्या नेतृत्वाखाली आमच्या माणसांनी नागपूर-मुंबईहून रेल्वे भरभरून बोधगया गाठली, लाठ्या खाल्ल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये भिक्षू तिथे पुन्हा उपोषणाला बसले. २२ जानेवारी १८९१ चा तो शब्द अजून पुरा झालेला नाही. तो आता आमच्याकडे आला आहे, आम्ही मागितला असो वा नसो.

बाबासाहेबांनीही येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी दिलेला शब्द पुरा करायला २१ वर्षे घेतली. मधे कोण कोण आले, काय काय देऊ लागले, ते सर्वांना माहीत आहे. १९५० मध्ये बौद्ध धम्माच्या भवितव्याबद्दलचा आपला प्रसिद्ध लेख त्यांनी दिला तो धम्मपालांनी सुरू केलेल्या महाबोधी मासिकालाच. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात, कुशीनाराचे चंद्रमणी महास्थविर बाबासाहेबांना दीक्षा देत असताना, महाबोधी सोसायटीचे सरचिटणीस देवप्रिय वलिसिंह तिथे हजर होते. हे वलिसिंह किशोरवयात धम्मपालांकडे आले, त्यांच्याच हाताखाली वाढले आणि त्यांच्यामागे सोसायटीचा कारभार त्यांनी चालवला. कलकत्त्याच्या दिवाणखान्यांत जे लोक त्यांच्या गुरूला कधी सापडले नाहीत, ते लाखोंच्या संख्येने पांढऱ्या कपड्यांत त्या मैदानावर उभे होते आणि एकामागून एक २२ प्रतिज्ञा उच्चारत होते.